सिग्नलवरचे नाचरे आणि उमानचा उदास माणूस

पाणपोई (धागाकर्ता)

ऑफिसच्या कामासाठी मध्यंतरी दोन महिने तेल अवीवला होतो. एका संध्याकाळी सहकाऱ्याच्या गाडीतून परतताना सिग्नलला थांबलो. शेजारी एक पांढरी, पोचे आलेली व्हॅन येऊन थांबली. अंगभर हिब्रू अक्षरं रंगवलेली, टपावर भोंगे, आणि त्यातून आपल्या विसर्जनाच्या मिरवणुकीत खपून जाईल असा ठेका. दार सरकलं, चार दाढीवाले बाप्ये खाली उतरले आणि थेट झेब्रा क्रॉसिंगवर नाचायला लागले. डोक्यावर कानापर्यंत ओढलेल्या विणलेल्या पांढऱ्या टोप्या, कानशिलावरच्या लांब बटा हवेत उडतायत. एक जण व्हॅनच्या टपावर चढून उड्या मारत होता. दिवा हिरवा व्हायच्या दोन सेकंद आधी सगळे आत कोंबले गेले आणि व्हॅन गेलीसुद्धा.

"ना-नाह. वेडे आहेत," सहकारी म्हणाला. हा गडी देवाधर्माच्या वाटेला न जाणारा. पण पुढच्या सिग्नलपर्यंत त्याची बोटं स्टिअरिंगवर तोच ठेका धरत होती, हे मी पाहिलं.

टोपीवर जे लिहिलेलं असतं ते असं: ना, नाह, नाहमा, नाहमान मेउमान. एकच नाव अक्षराअक्षराने वाढत जातं. उमानचा नाहमान. उमान हे युक्रेनमधलं एक गाव, आणि नाहमान म्हणजे ब्रेस्लोवचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) नाहमान. जन्म १७७२, मृत्यू १८१०. त्यांच्या नावाने आज रस्त्यात नाचतात म्हणून मला वाटलं, असेल कुणी मस्तमौला बाबा. वाचत गेलो तर भलतंच निघालं. लहान मुलगा डोळ्यांसमोर गेला, मग बायको क्षयाने गेली, मग स्वतःला क्षय. शेवटच्या वर्षी ब्रेस्लोवमधलं घर जळालं. स्वभावाने माणूस कमालीचा उदास, आतून पोखरलेला. आणि याच माणसाचं सर्वांत प्रसिद्ध वाक्य आहे: "सदैव आनंदात असणं ही थोर मित्सवा आहे." मित्सवा म्हणजे देवाने घालून दिलेलं कर्तव्य. दिवा लावणं, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळणं, भुकेल्याला खायला घालणं, त्याच रांगेत आनंद. मूड नव्हे, काम.

हे एकदम आकाशातून पडलेलं नाही. बायबलमधल्या स्तोत्रांमध्ये "आनंदाने परमेश्वराची सेवा करा" असं आहेच. मोशेच्या पाचव्या पुस्तकात शापांची लांबलचक यादी आहे आणि ती का ओढवली याचं कारण चक्क असं दिलंय, की सगळं भरभरून असताना तुम्ही सेवा आनंदाने केली नाहीत. ताल्मुदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या संग्रहात, म्हटलंय की शखिना, म्हणजे देवाचं इथलं सान्निध्य, उदासीतून उतरत नाही आणि आळसातूनही नाही. मित्सवाच्या आनंदातून उतरते. तिथेच एक गोष्ट मला फार आवडली. एक रब्बी भर बाजारात एलियाहू प्रेषिताला विचारतात, इथे परलोकाचा वाटेकरी कोण आहे? एलियाहू दोन भावांकडे बोट दाखवतो. रब्बी धावत जाऊन विचारतात, तुम्ही करता काय? ते म्हणतात, "आम्ही विनोद करणारे. कुणी उदास दिसला की त्याला हसवतो. दोघे भांडताना दिसले की खटपट करून समेट घडवतो." एवढंच. ना तपश्चर्या, ना पाठांतर.

पण धर्मग्रंथात वाक्य असणं वेगळं आणि त्यावर चळवळ उभी राहणं वेगळं. ती राहिली अठराव्या शतकात, आजच्या युक्रेनमधल्या पोदोलिया भागात. १६४८-४९ मध्ये कोसॅक सरदार ख्मेलनित्स्कीच्या उठावात तिथल्या ज्यूंच्या सर्रास कत्तली झाल्या. १६६५ मध्ये शब्बताई त्स्वी नावाच्या माणसाने मी मसीहा (येणारा तारणहार) आहे असं जाहीर केलं, अर्ध्या ज्यू जगाने बोचकी बांधली, आणि पुढच्याच वर्षी तुर्की सुलतानाच्या दरबारात हा मसीहा मुसलमान झाला. त्या फजितीनंतर उरलं काय? विद्वानांची कोरडी चर्चा आणि देहाला छळणारे उपास. गरीब हमालाने, कलालाने, गाडीवानाने जायचं कुठे?

तेव्हा इस्राएल बेन एलिएझर नावाचा एक माणूस पुढे आला. लोक त्याला बाल शेम तोव म्हणत (मृत्यू १७६०). लहानपणी पोरका. शाळेत पोरांना गाणी म्हणत सोडायला जायचा, पुढे कार्पेथियन डोंगरात चिकणमाती खणून विकायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. आपल्या एका शिष्याला त्याने पत्रात बजावलं की हे उपास बंद कर, यातून खिन्नताच वाढते. त्याची एक गोष्ट: योम किप्पुरची, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाची, प्रार्थना चालू आहे. बापाबरोबर आलेल्या एका गुराख्याच्या पोराला अक्षरओळख नाही. सगळे डोलतायत, याला काहीच येत नाही. शेवटी न राहवून तो खिशातली शिट्टी काढतो आणि जोरात फुंकतो. सगळे हादरतात. बाल शेम तोव मात्र प्रार्थना आवरती घेतात आणि म्हणतात, आपल्या सगळ्यांच्या प्रार्थना अडकून पडल्या होत्या, या शिट्टीने त्या वर नेल्या.

आता 'मी'च्या पलीकडे जाण्याचा मुद्दा. बाल शेम तोवचे उत्तराधिकारी मेझरिचचे दोव बेर, ज्यांना मग्गीद म्हणतात, यांनी एक गंमत दाखवली. हिब्रूत "आनी" म्हणजे मी आणि "आयिन" म्हणजे नाही, शून्य. दोन्ही शब्दांत अक्षरं तीच, फक्त क्रम बदलतो. 'मी' ची अक्षरं हलली की 'शून्य'. राजांच्या पुस्तकात एलिशा प्रेषित म्हणतो, मला वाजवणारा आणून द्या, आणि वादक वाजवू लागल्यावर त्याच्यावर देवाचा हात येतो. मग्गीद ते हिब्रू वाक्य थोडं वळवून वाचतात: वाजवणारा जेव्हा वाद्यासारखा झाला, तेव्हा. वाद्याला आपण छान वाजतोय का याची चिंता नसते.

माझ्यापुरती मला लागलेली किल्ली ही. हे लोक आनंद म्हणतात तेव्हा त्यांना सुख म्हणायचं नसतं. स्वतःकडे टक लावून बसणं थांबतं, त्या अवस्थेला ते आनंद म्हणतात. उदासी त्यांना खटकते ती ती दुःखद असते म्हणून नाही. ती सतत "माझं, माझं" करते, म्हणून.

पुढचं प्रतिसादांत. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

---

साखरफुटाणा

मस्त! शिट्टीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. तुकोबांचा तो आनंदाचा डोह आठवलाच शेवटी.

---

पाणपोई

तो आठवणार हे माहीत होतं, म्हणून लेखात मुद्दाम टाळला. :) आपल्याकडच्याशी लगेच सांधा जुळवला की समोरच्याचं निराळेपण निसटतं. इथे आनंद ही आज्ञा आहे, आणि आज्ञा म्हटली की ती न पाळल्याचा दोषही आला. हे आपल्याला जरा परकंच आहे.

---

चिमटा

सक्तीचा आनंद म्हणजे आमच्या ऑफिसातलं टीम बिल्डिंग. शुक्रवारी चार वाजता सगळ्यांनी सभागृहात जमायचं आणि मजा करायची. हजेरी घेतात. तिथेही एक जण माईकवर "एनर्जी कुठाय?" ओरडत असतो. या व्हॅनवाल्यांत आणि त्याच्यात फरक काय?

---

पाणपोई

@चिमटा, रास्त प्रश्न. नाहमानना तो सुचला असणार, कारण त्यांनी त्यावर दृष्टान्त दिलाय. लोक रिंगण धरून नाचतायत. बाहेर एक जण तोंड पाडून उभा आहे. नाचणारे त्याला हाताला धरून आत ओढतात, त्याच्या मनाविरुद्ध, आणि हळूहळू तोही नाचायला लागतो. इथवर तुमचं टीम बिल्डिंगच. पण पुढे ते म्हणतात, हा बाहेरचा माणूस म्हणजे तुझीच उदासी. तू आनंदात आलास की ती बाजूला जाऊन उभी राहते आणि नाच संपायची वाट बघते. तिला हाकलू नकोस. तिच्या मागे लाग, पकड, आणि रिंगणात घे. ती यायला तयार नसते, पळते, तरी घे.

तुमच्या माईकवाल्याला तुमच्या उदासीशी घेणंदेणं नाही, ती दिसू नये एवढंच त्याचं म्हणणं. इथे तिलाच नाचायला लावायचंय.

आणि एक, लगेच पुढे ते सांगतात की माणसाचा ओढा मुळातच खिन्नतेकडे असतो, तेव्हा जमेल त्या मार्गाने खुशीत या, वेळ पडली तर पोरकटपणा करून, फालतू विनोद करूनसुद्धा. शिवाय दिवसातला एक तास वेगळा काढा. त्या तासात शेतात, रानात एकटे जा आणि देवासमोर काळीज मोकळं करा, रडा, भांडा, तेही आपल्या रोजच्या भाषेत. बाकीचे तेवीस तास मात्र आनंदाचे.

---

चिमटा

तेवीस तास. एचआरला कळू देऊ नका.

---

खडीसाखर_७२

लेख रसाळ आहे, पण सुरुवात फार उशिरा केलीत. बाल शेम तोवच्या आधी दोनशे वर्षं त्स्फात आहे. गालिलीतलं डोंगरावरचं छोटं गाव. सोळाव्या शतकात स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंपैकी कितीतरी विद्वान तिथे जमले. त्यांच्या हाती झोहर हा कबालाचा (ज्यू गूढविद्येचा) ग्रंथ होता, तेराव्या शतकाच्या अखेरीस कास्तीलमध्ये पुढे आलेला, अरामी भाषेतला. शुक्रवारी सूर्य कलला की ही मंडळी शब्बाथला नवरीसारखी सामोरी जायला शेतात निघत. श्लोमो अलकाबेत्सचं "लेखा दोदी" हे स्वागतगीत तिथलंच. आजही जगभरच्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळांत) शुक्रवारी संध्याकाळी ते गातात आणि शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळून झुकतात. नवरी आत येतेय म्हणून!

इत्झाक लुरिया १५७० मध्ये तिथे आले आणि १५७२ मध्ये साथीत वारले. वय ३८. (नाहमानही ३८ व्या वर्षीच गेले, योगायोग.) एवढ्या दोन वर्षांत त्यांनी जे सांगितलं त्यावर पुढची सगळी इमारत उभी आहे. देवाने जगाला जागा व्हावी म्हणून स्वतःला आक्रसून घेतलं. मग प्रकाश ओतला, तो पात्रांना पेलवला नाही, पात्रं फुटली, ठिणग्या सगळ्या वस्तुमात्रांत विखुरल्या. माणसाचं काम म्हणजे त्या ठिणग्या वेचून वर पाठवणं. लुरियांबद्दल असंही सांगतात की त्यांना जी दारं उघडली ती कर्तव्य करताना त्यांना जो अपार आनंद व्हायचा त्याचं फळ म्हणून.

बाल शेम तोवने यात भर काय घातली, तर ठिणग्या वेचायला कबालाचे नकाशे पाठ असायची गरज नाही. भाकरी खातानाही ठिणगी उचलता येते. नीट खा, एवढंच.

दुसरी बाजूही यायला हवी. विल्नाचे गाओन एलियाहू, त्या काळचे सर्वांत मोठे पंडित, यांच्या पाठिंब्याने १७७२ मध्ये बाल शेम तोवच्या अनुयायांवर, म्हणजे हसिदींवर, बहिष्कार पुकारला गेला. तक्रारींपैकी एक अशी की हे लोक प्रार्थनेत कोलांट्या उड्या मारतात. आणि ती खोटी नव्हती! कालिस्कच्या अब्राहमचे चेले खरंच मारायचे. मग्गीदही त्यांच्यावर वैतागले होते म्हणतात.

---

पाणपोई

@खडीसाखर_७२, मान्य, त्स्फात गाळायला नको होतं. कोलांट्या उड्यांवरून आठवलं: 'आनी'ला डोक्यावर उभं करायचं ही कल्पना त्यांनी जरा शब्दशः घेतली बहुतेक.

---

अनवट

संगीताबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? मी या विषयात आले ती गाण्याच्या वाटेने.

निग्गुन म्हणजे हसिदींची चाल. बऱ्याच निग्गुनना शब्दच नसतात. "याइ-दाइ-दाइ", "बिम-बम", असलं काहीतरी. कल्पना अशी की शब्द संपले की गाणं संपतं, शब्द नसलेलं गाणं संपवायला जागाच नसते. एखादं जुनं ध्वनिमुद्रण ऐका. सुरुवातीला पाचसहा म्हातारे टेबलाभोवती खालच्या पट्टीत गुणगुणतात, कुणी खोकतं, कुणाचा सूर खाली. तेच पुन्हा. पुन्हा. आपल्याला वाटतं, झालं आता. मग तिसऱ्या तुकड्यात चाल अचानक वर चढते आणि टेबलावर मुठी पडायला लागतात. त्यानंतर ती जेव्हा पहिल्या ओळीवर उतरते, तेव्हा तीच ओळ वेगळी ऐकू येते. गाणाऱ्यांना कळतं की आपण फिरून आलोय.

आता मजा. यांच्या पुष्कळ चाली ज्या स्वरावलीत आहेत तिला प्रार्थनेत "अहावा राब्बा" म्हणतात, वादक मंडळी "फ्रेगिश" म्हणतात. पेटीवर बसून काढली तर कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. म्हणजे खाली भैरव, वर भैरवी. आपला बसंत मुखारी! चलन वेगळं, मींड वेगळी, पण स्वर तेच. जगभरच्या लग्नांत वाजणारं "हावा नगीला" हेही याच घरातलं. त्याची चाल सादिगुराच्या हसिदींच्या शब्दहीन निग्गुनवरून आलेली. म्हणजे "चला आनंद करू" हे शब्द नंतर चिकटवलेले, आनंद आधीपासून होता. आणि त्यात करुणेचा जो कोमल रिषभ आहे तो काढून बघा, गाणं पार सपाट होतं.

शिवाय ते चाली खुशाल उचलतात, त्यालाही ठिणग्या सोडवणंच म्हणतात. काल्लोचे रब्बी इत्झाक यांनी एका हंगेरियन गुराख्याकडून प्रेमगीत विकत घेतलं, अशी कथा आहे. गुराख्याला पैसे मिळाले, आणि व्यवहार झाल्यावर तो ते गाणं विसरला! नेपोलियनच्या सैन्याचं कूच-गीत तर लिआदीच्या श्नेउर झाल्मन यांच्या परंपरेत आजही योम किप्पुरच्या अगदी शेवटी गातात. हे रब्बी नेपोलियनच्या कट्टर विरोधात होते. शत्रूची चाल मात्र ठेवून घेतली.

---

साखरफुटाणा

बसंत मुखारी!! आत्ता लावून बसलेय. घरचे विचारतायत काय झालं.

---

उंबरठा

मला एक गोष्ट बोचतेय, ती सांगते. मी स्वतः दोन वर्षं नैराश्याच्या गोळ्या घेतल्या आहेत. "उदासी म्हणजे स्वतःकडे टक लावून बसणं" हे वाक्य त्या काळात कुणी मला ऐकवलं असतं तर मी आणखी खचले असते. आजारी माणसाला "आनंदी राहणं तुझं कर्तव्य आहे" म्हणणं हे क्रूर आहे, मग ते कितीही थोर रब्बींनी म्हटलेलं असो.

---

पाणपोई

@उंबरठा, ते वाक्य मी फार सहज लिहून गेलो. माफ करा. आजाराला आजारच म्हणायला हवं, आणि त्यावर औषध हेच उत्तर.

त्या परंपरेतही हा फरक करायचा प्रयत्न दिसतो. वर अनवट यांनी उल्लेख केलेल्या श्नेउर झाल्मन यांच्या "तान्या" (१७९६) या ग्रंथात दोन मल्लांचा दाखला आहे. एक जण बलवान पण सुस्त, जड. तो दुबळ्याकडूनही चीत होतो. म्हणून जडपणा नको. पण पुढे ते दोन शब्द वेगळे करतात. "अत्सवूत" म्हणजे दगडासारखी उदासी, ज्यात काही हलतच नाही. आणि "मरिरूत" म्हणजे कडवटपणा, ज्यात काळीज तुटलेलं असतं पण जिवंत असतं, खदखदत असतं. दुसऱ्याला ते दोष देत नाहीत.

आणि नाहमानची एक कथा तुम्हाला सांगायची आहे. एका राजपुत्राला वेड लागतं. आपण टर्की कोंबडा आहोत असं म्हणत तो कपडे काढून टेबलाखाली बसतो आणि खरकटं टिपतो. वैद्य थकतात. एक शहाणा माणूस येतो. तो राजपुत्राला बाहेर ये म्हणत नाही. स्वतः कपडे काढून टेबलाखाली जाऊन बसतो आणि दाणे टिपायला लागतो. "तू कोण?" "मीपण टर्की." असे दोघे पुष्कळ दिवस बसतात. मग एक दिवस तो सदरा मागवतो. म्हणतो, टर्कीने सदरा घालू नये असं कुठाय? मग विजार. मग जेवण. मग टेबलाशी बसणं. कर्तव्याचं नावही कुठे येत नाही. आधी खाली जाऊन बसणं येतं.

(अवांतर: टर्कीला हिब्रूत "हिंदुस्थानी कोंबडा" म्हणतात. आजच्या हिब्रूत "होदू" म्हणजे भारतही आणि टर्कीही.)

---

उंबरठा

टेबलाखालची गोष्ट माहीत नव्हती. माझ्याबाबतीत तो शहाणा माणूस म्हणजे मावशी होती. रोज संध्याकाळी यायची, मटार सोलत बसायची, एक अक्षर बोलायची नाही.

---

खडीसाखर_७२

उंबरठा यांच्या मुद्द्याला धरून दोन गोष्टी. ज्यू लग्नात वराने काच फोडायची रीत आहे. त्याचं मूळ सांगताना ताल्मुदमधला एक प्रसंग देतात: मुलाच्या लग्नात पाहुणे रब्बी फारच रंगात आलेत असं दिसल्यावर बापाने एक महागडा पेला आणून त्यांच्यासमोर फोडला. सगळे गंभीर झाले. म्हणजे बेभान आनंदावर लगाम ही परंपराही तितकीच जुनी.

दुसरी गोष्ट जड आहे. पियासेच्नोचे रब्बी कालोनिमुस शापिरा वॉर्सात होते. सप्टेंबर १९३९ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांचा मुलगा आणि सून गेली. पुढच्या पुरीमला (ज्यूंचा आनंदाचा सण), १९४० मध्ये, जर्मन अमलाखालच्या वॉर्सात ते प्रवचनाला बसले. झोहरच्या परंपरेत एक श्लेष आहे, योम किप्पुरीम म्हणजे "पुरीमसारखा दिवस". त्यावरून ते म्हणाले, योम किप्पुरला उपास कराल का असं कुणी तुमच्या इच्छेला विचारत नाही. पुरीमचा आनंदही तसाच. माणूस मोडलेला असला, मन पायदळी गेलेलं असलं, तरी आनंदाचा एक कण तरी आत घ्यायचा. ते १९४३ मध्ये मारले गेले. प्रवचनांचे कागद जमिनीत पुरलेले होते, ते युद्धानंतर सापडले आणि १९६० मध्ये छापले गेले. हे वाचल्यावर "सक्तीचा आनंद" हा शब्द मला थट्टेत वापरवत नाही.

---

चिमटा

... माझा वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण आवाज खाली करतो.

---

नवगावची

नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आजोळ अलिबागजवळ, आता मुक्काम लोद, इस्रायल. मराठी घरात अजून टिकून आहे, नातवंडांपर्यंत पोचेल का ते माहीत नाही.

वाचताना सारखं वाटत होतं की ही आमची गोष्ट आहे आणि नाहीपण. हसिदी सगळे पूर्व युरोपातले. कोकणात आम्ही तेल गाळत होतो, शनिवारी घाणा बंद म्हणून "शनवार तेली". आमच्याकडे ना रब्बींचे दरबार होते, ना कबालाचे ग्रंथ. पुरीमला आमची जुनी माणसं "होळीचा सण" म्हणत, कारण येतो त्याच सुमारास. योम किप्पुरला "दरफाळणीचा सण", दारं लावून घरात बसायचं म्हणून, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी "शिळा सण". नाव शिळा, पण त्या दिवशी नटूनथटून एकमेकांकडे जायचं, गरिबाला काही द्यायचं.

आमचा आनंद मलिद्यात. एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलियाहू प्रेषिताचा, मलिदा. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वर फळं लावून ताट भरायचं. लग्नाआधी, घर घेतल्यावर, आजारातून कुणी उठलं, नवस फेडायचा असला की मलिदा. माझी आजी खोबरं खवताना कुणाला बोलू द्यायची नाही, आणि "एलियाहू हनाबी" सुरू झालं की तीच सगळ्यांत मोठ्याने गायची. खंडाळ्याला, म्हणजे घाटातलं नव्हे, आमच्या अलिबागजवळचं, एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण दाखवतात. तिथेही मलिदा होतो. लेखात एलियाहू बाजारात विदूषकांकडे बोट दाखवतो ते वाचून हसू आलं. आमच्याकडे तो रथातून येतो आणि पोहे खातो.

आणि कीर्तन! साधारण १८८० पासून आमच्या लोकांनी मराठीत कीर्तनं रचली. अब्राहामाची, योसेफाची, एस्तेरची. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, सगळं हिंदू कीर्तनकारांकडून घेतलेलं, कथा आमच्या धर्मग्रंथांतली. वर कुणीतरी "चाली उचलतात आणि ठिणग्या सोडवतात" लिहिलंय. आम्ही ते असल्या मोठ्या शब्दांशिवायच केलं.

इथे आल्यावर मुलीच्या शेजारी एक छबाडचं कुटुंब मिळालं. छबाड म्हणजे ते श्नेउर झाल्मनवाले. मुंबईकरांना हा शब्द कुलाब्याच्या नरिमन हाउसमुळे ठाऊक आहे, आणि तोही २००८ च्या त्या रात्रींमुळे.

---

गोधडी

नवगावची ताई, फारच सुंदर. एक विचारू? या सगळ्या नाचात बायका कुठे आहेत? व्हॅनमधून चार बाप्ये उतरले, टेबलाभोवती म्हातारे, रिंगणात पुरुष. खोबरं खवायला आजी.

---

नवगावची

गोधडी, बरोबर नेम धरलास. सिम्हा तोराला, तोरा (मोशेची पाच पुस्तकं) वाचून पूर्ण होते त्या दिवशी, पुरुष गुंडाळ्या कडेवर घेऊन सात फेरे नाचतात. पारंपरिक सिनेगॉगमध्ये आम्ही पडद्याआडून किंवा माडीवरून बघायचं आणि गोळ्या-चॉकलेटं फेकायची. हसिदींत नाच अजूनही वेगवेगळाच. एकोणिसाव्या शतकात लुदमिरमध्ये एक बाई स्वतःच रब्बीसारखी बसायची, लोक तिच्याकडे सल्ल्याला जायचे. ती पुढे जेरुसलेमला गेली. असं नाव विचारलं तर एवढं एकच पटकन सांगता येतं, यातच सगळं आलं.

पण मलिद्याला पडदा नसतो हं. तिथे आजीला कुणी गप्प बसवून दाखवावं.

---

अनवट

पाणपोई, नाहमानच्या "चांगल्या ठिपक्यां"बद्दल लिहा ना. संगीताशी थेट संबंध आहे.

---

पाणपोई

लिहितो. ते म्हणतात, अगदी वाईट माणसातही एक तरी चांगला ठिपका सापडतोच, तो शोध. मग दुसरा शोध. स्वतःतही तसंच. आपल्या चांगल्या कामातही स्वार्थ मिसळलेला असतो, हे ते कबूल करतात. तरी त्यात कुठेतरी तसूभर चांगलं असणारच. असे ठिपके वेचून एकाला एक जोडले की त्यातून चाल तयार होते, जशी वादक वाऱ्यातून चांगला वारा निवडून चाल करतो. आणि मग ते स्तोत्रातला शब्द वापरतात, "अझाम्रा", मी गाईन. थोडक्यात, गाणं म्हणजे निवड. सगळा आवाज घेतला तर गोंगाटच होतो.

---

साखरफुटाणा

आणि उमान? तिथे लोक जातात ना?

---

पाणपोई

जातात, दर रोश हशानाला (ज्यू नववर्षाला) हजारोंनी, युद्ध चालू असतानाही. १७६८ मध्ये उमानमध्ये हैदामाक बंडखोरांनी ज्यूंची मोठी कत्तल केली होती. नाहमाननी मरायला मुद्दाम ते गाव निवडलं, त्या मृतांच्या शेजारी पुरा म्हणाले. शेवटचे महिने खिडकीतून ते दफनस्थान दिसायचं. त्यांच्यानंतर ब्रेस्लोववाल्यांनी दुसरा रब्बी नेमलाच नाही, म्हणून बाकीचे हसिद त्यांना "मेलेले हसिद" म्हणून चिडवत. सिग्नलवर नाचत होते ते हेच मेलेले.

त्यांची शेवटची मोठी गोष्ट १८१० च्या वसंतातली, सात भिकाऱ्यांची. सुरुवात करण्याआधी ते म्हणाले, खिन्नतेतून आनंद कसा करायचा हे तुम्हाला काय ठाऊक? पूर्वी लोक कसे आनंद करायचे ते मी सांगतो. रानात हरवलेल्या दोन मुलांना सात भिकारी भाकरी देतात: आंधळा, बहिरा, तोतरा, मान वाकडी असलेला, कुबडा, हात नसलेला, पाय नसलेला. मुलं मोठी होतात, त्यांचं लग्न ठरतं. लग्नासाठी मोठा खड्डा खणून त्यावर काटक्या, गवत आणि माती टाकतात आणि आत सात दिवस सोहळा चालतो. रोज एक भिकारी येतो आणि आपलं व्यंग खरं व्यंग कसं नाही ते सांगतो. आंधळा म्हणतो, मी आंधळा नाही, जगाचा सगळा काळ मला पापणी लवण्याइतकाही वाटत नाही. तोतरा सर्वांत गोड बोलणारा निघतो. असे सहा दिवस.

सातव्या दिवशी पाय नसलेला यायचा असतो.

---

चिमटा

आणि?

---

पाणपोई

तिथे ते थांबले. सातव्याची गोष्ट सांगितलीच नाही. मसीहा येईल तेव्हा ऐकायला मिळेल म्हणाले.

---

नवगावची

तो नाचणारा असणार. सहाही जणांचं उलटंच निघालं ना? मग पाय नसलेला म्हणजे नाचणाराच.

---

चिमटा

म्हणजे मुख्य नाच शिल्लकच आहे.

---

नवगावची

हो. आणि इथे शुक्रवारचे चार वाजले, मला पोहे भिजवायचेत. नातवाचा पाय प्लास्टरमधून निघाला काल, रविवारी मलिदा आहे.